डाव्या हाताचा निरोप

"दादासो, ही घोंगडी आधी आपल्या बुडाखाली घ्यायची न्हाई. कुणाच्या बी दारात गेलास तर पहिल्यांदा त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला हिच्यावर बसीव. मग तू टेक."

भामाबाईंनी आपल्या मुलाला हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर घडी होऊन पडले होते. बोलता बोलता त्या माझ्या काठाला चिमूटभर भंडारा लावत होत्या. हळदीचा तो वास पुढे समुद्रापलीकडेही माझ्याबरोबर आला.

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. रंगाने काळी, आणि दोन्ही काठांना तांबडी-पांढरी रेघ. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या शिवेजवळ एक लहानशी वस्ती आहे, तिथे माझं घर. शिवेपलीकडचे पाहुणे आले की ते मला 'कंबळी' म्हणतात. मला दोन्ही नावं आवडतात. कुणी जवळ घेऊन हाक मारतंय हे महत्त्वाचं.

माझा जन्म मेंढरांच्या पाठीवर झाला. भामाबाईंच्या मालकांचा मोठा कळप होता. पावसाळा सरला की मेंढरं ओढ्यात धुऊन काढायची, कोरडी झाली की कातरायची. त्यातली काळी लोकर भामाबाईंनी वेगळी ठेवली, पिंजली आणि सूत काढलं. मग ते सूत गावातल्या सनगराकडे गेलं. घोंगड्या विणणाऱ्यांना आमच्याकडे सनगर म्हणतात. त्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यात होता. तो पाय खड्ड्यात सोडून बसायचा आणि विणता विणता बिरोबाच्या ओव्या गुणगुणायचा. विणून झाल्यावर त्याने मला चिंचोक्याची खळ दिली आणि उन्हात ताणून वाळवलं. नवी होते तेव्हा मी इतकी ताठ होते की भिंतीला टेकवली तर उभी राहायची.

"भामाक्का," तो म्हणाला होता, "हिला तुमच्या नातवंडाचं नातवंड पांघरंल. फकस्त एक करा, हिला पेटीत कोंडू नका. माणसाच्या अंगाला लागू द्या."

आता तो सनगर नाही आणि त्याचा मागही नाही. खड्डा बुजवून तिथे फरशी घातली आहे.

तरुणपणी मी खूप चालले. मालकांच्या खांद्यावरून मी कृष्णाकाठच्या उसापर्यंत जाई. तिथले शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घेत. पाऊस आला की मी खोळ होऊन डोक्यावर बसे. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यात गुंडाळलं जाई, आणि दादासोही लहानपणी माझ्यातच झोपला. कोकराचा वास आणि बाळाचा वास पुष्कळसा सारखाच असतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे चराऊ रानं कमी झाली आणि कळपही कमी होत गेला. मालक देवाघरी गेले. दादासो फौजेत भरती झाला. तिथे त्याने डोंगराळ मुलखात मोटारसायकलवरून डाक पोचवली. त्या वर्षांत मी भामाबाईंचं आसन होते. पहाटे अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून त्या माझ्यावर बसत आणि माळ ओढत. लोकरीला विटाळ नाही असं जुनी माणसं मानतात, म्हणून जपाला घोंगडीच हवी. रविवारी त्यांचा बिरोबाचा उपास असे. त्या दिवशी त्या मला झटकून, उन्हात घालून मगच बसत. माझ्या आयुष्यातला तो फार शांत काळ होता.

दादासो पेन्शनवर आला तो गप्प बसणारा नव्हता. साताऱ्याकडच्या राजवर्धन नावाच्या तरुणाने मोटारसायकलच्या टुरा सुरू केल्या होत्या. पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यात, डांबर सोडून जंगलातल्या आणि पठारावरच्या वाटांनी तो लोकांना हिंडवून आणायचा. अशा टूरमध्ये सगळ्यात पुढे वाट दाखवणारा असतो आणि सगळ्यात शेवटी एक जण राहतो. कुणाची गाडी बंद पडली, कुणी चिखलात आडवा झाला, की शेवटच्याने थांबायचं, त्याला उठवायचं आणि पुढच्यांना गाठून द्यायचं. हे काम दादासोला मिळालं.

"आये, हे तर मेंढराचंच काम हाय," तो घरी येऊन सांगायचा. "लंगडं मेंढरू मागं ऱ्हातं, त्याच्यासंगं चालायचं. पर मेंढरं बरी, हाक मारली की वळत्यात. ही माणसं टोपडं घालून बहिरी झाल्याली."

मग टाळेबंदीच्या आदल्या हिवाळ्यात राजवर्धनने एक मोठी टूर ठरवली. पश्चिम आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे. तिथल्या डोंगराळ भागात, खेड्याखेड्यांतून मोटारसायकलने जायचं. पुढे तिथला गाईड, मागे आपला दादासो. थंडी असते असं कळल्यावर भामाबाईंनी मला आसनावरून उचललं, घडी केली आणि मघाशी सांगितलेलं ते बोलल्या.

"आये, आता ब्लँकेटं मिळत्यात की तिथं."

"मिळू देत. परक्या मुलखात आपल्या घरचं कायतरी बुडाशी असावं."

अशी मी विमानात बसले. तिथे गेल्यावर एका धूळभरल्या मोटारसायकलच्या करिअरवर रबरी पट्ट्याने घट्ट बांधली गेले. मित्रांनो, तो प्रवास मी कसा सांगू? माती आपल्या महाबळेश्वरच्या वाटेवर असते तशी तांबडी. गाड्या पुढे जात आणि सगळी धूळ शेवटच्या गाडीवर, म्हणजे माझ्यावर बसे. दुसऱ्या दिवशी मी काळी राहिलेच नव्हते. वाटेत आंब्याची जुनी झाडं होती. गोल घरं, त्यांवर जमिनीपर्यंत उतरलेली गवताची छपरं. बायका उखळात धान्य कांडत होत्या आणि ते धान्य आपल्या वरईहूनही बारीक होतं. नद्यांवर पूल नव्हते. लोखंडी तराफ्यावर गाड्या चढवायच्या आणि माणसांनी दोर ओढत तो पलीकडे न्यायचा.

पुढे चालणारा गाईड इब्राहिमा हसऱ्या तोंडाचा होता. हिंदी सिनेमे बघून आणि भारतीय गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काम करून तो मोडकीतोडकी हिंदी शिकला होता, आणि दादासोची मराठीही अंदाजाने समजून घ्यायचा. कुठल्याही गावात शिरताना तो आधी गाडी बंद करायचा, चालत जायचा आणि गावातल्या वडीलधाऱ्याच्या हातात पानात गुंडाळलेली कोलाची फळं ठेवायचा. ती दिसायला थेट सुपारीसारखी असतात.

"सुपारी दिली वाटतं," वडूजचे लालासाहेब म्हणाले. ते टूरमधले सगळ्यात बोलके. "आता गोंधळ घालायचा हाय का काय गावात?"

"तुमी आल्यावर येगळा कशाला घालायला पायजे?" दादासो म्हणाला, आणि सगळे हसले.

हेच लालासाहेब एका ओढ्यात फसले. मागचं चाक नुसतं चिखल उडवत होतं. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आरं दादासो, ती घोंगडी टाक की चाकाखाली! लोकर धरंल बघ चाक."

"देवाचं आसन हाय ते. तुमची इजार टाका."

"मग मी काय घालू?"

"तुमाला कोण बघतंय हितं?"

शेवटी झुडपांच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या आणि गाडी निघाली. मी मात्र त्या दिवशी मनातून सुखावले. घरापासून इतक्या लांबही माझा मान राखणारा माणूस माझ्याजवळ होता.

डोंगर चढून गेल्यावर फुला लोकांचा मुलूख लागला. ते गुराखी लोक. गुरं हीच त्यांची दौलत आणि गुरं हाच बोलण्याचा विषय. पाण्यासाठी आम्ही एका वाडीवर थांबलो. वाडीचे वडील होते उमर बारी. उंच, सडसडीत, अंगात निळा झगा, हातात काठी. इब्राहिमाने त्यांना कोला दिला. मग त्या दोघांची विचारपूस सुरू झाली. घर कसं आहे, गुरं कशी आहेत, पाणी आहे का, आणि प्रत्येकाला एकच उत्तर, 'जाम तुन', म्हणजे सगळं शांत आहे. आमच्या जतकडेही दोन म्हातारे भेटले की असंच चालतं. पाऊस हाय का, मेंढरं बरी हायती का. उत्तर मनासारखं नसलं तरी आधी 'बरं हाय' म्हणायचं.

दादासोने मला सोडलं, धूळ झटकली आणि झाडाखाली अंथरलं. स्वतः उभाच राहिला आणि हाताने खुणावत उमरबाबांना म्हणाला, "बसा बाबा."

उमरबाबा बसले नाहीत. ते गुडघ्यावर टेकले आणि माझा काठ दोन बोटांत धरून चोळला. मग नाकाशी नेला. एवढ्या धुळीतूनही त्यांना मेंढराचा वास आला असणार. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते लगबगीने आत गेले आणि एक घडी घेऊन बाहेर आले.

ती माझ्यासारखीच होती, मित्रांनो! रंगाने पांढरी, वर काळी-तांबडी नक्षी, अरुंद पट्ट्या विणून एकमेकींना शिवलेल्या. पण लोकरीचीच आणि हातानेच विणलेली. उमरबाबांच्या आजोबांनी ती उत्तरेकडून आणली होती. अशी घोंगडी विणणारं त्या भागात आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी ती माझ्या शेजारी अंथरली. माझा काठ तिच्या काठाला लागला. सनगराचा माग बंद पडल्यापासून मला वाटायचं की आपल्या जातीचं आता कुणी उरलं नाही. त्या दिवशी कळलं, एक बहीण इथे आहे.

"वो पूछता है, भेड़ किसका?" इब्राहिमा म्हणाला.

"आमचीच म्हणावं. सूत माझ्या आईनं काढलंय."

इब्राहिमाने सांगितलं. उमरबाबा हसले, आपली काठी दादासोच्या हातात दिली, आणि मगच माझ्यावर बसले. मग भोपळ्याच्या खोल भांड्यातून जेवण आलं. मक्याच्या बारीक कण्या आणि वरून आंबट दूध.

दादासोने पहिला घास घेतला आणि ओरडलाच, "आवं, ह्या तर ताक-कण्या! आमच्या आईच्या हातच्या!"

त्याच दुपारी दादासोला थंडी वाजून आली. दात वाजायला लागले. जवळच्या गावातल्या दवाखान्यातला माणूस आला. त्याने बोट टोचून रक्त पाहिलं, हिवताप आहे म्हणाला, गोळ्या दिल्या आणि गाडीवर बसायला सक्त मनाई केली. राजवर्धन अडचणीत पडला. बाकीच्यांना पुढे न्यायलाच हवं होतं.

"दादा, आमी डोंगराला वळसा घालून ह्याच वाटंनं माघारी येतू. पर तुमाला हितं एकट्याला कसं सोडू?"

इब्राहिमाने हे उमरबाबांना सांगितलं. ते आत गेले आणि आपली खाट रिकामी करून ती दारात आणली.

आजारपणाचे ते दिवस मला स्पष्ट आठवतात. दादासोच्या अंगावर आधी मी आणि माझ्यावर ती पांढरी बहीण. तापाने तो भट्टीसारखा तापे आणि घामाने आम्ही दोघी भिजून जात असू. मग उमरबाबा आम्हाला उन्हात नेऊन कुंपणावर शेजारी शेजारी घालत. ते स्वतःच्या हाताने त्याला दूध पाजत, गोळी देत, कपाळ पुसत. दर वेळी आधी हात धुवायचे आणि नेहमी उजवाच हात पुढे करायचे. दादासोला हे फार भावलं. आपल्यासारखीच रीत आहे म्हणाला. पहाटेची प्रार्थना झाली की उमरबाबा खाटेशेजारी बसून माळ ओढत. मण्यांचा तो बारीक आवाज ऐकून तापातला दादासो पुटपुटायचा, "आये, झाला का गं जप?"

ताप उतरला तसा तो गुरांमागे जायला लागला. एका गाईच्या खुरात रुतलेला काटा त्याने अलगद काढला. उमरबाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि अडतही नव्हतं. दादासो मेंढरांना घालतो तशी शीळ घालायचा, गाई मान वर करून नुसत्या बघायच्या, आणि म्हातारा पोट धरून हसायचा.

मग एका सकाळी टूर माघारी आली. सगळ्यांना घाई होती. नदीवरचा तराफा गाठायचा होता आणि त्यापुढे विमान होतं. इब्राहिमा पुढचा रस्ता तपासायला निघूनही गेला. बाकीच्यांच्या गाड्या सुरूच होत्या. दादासोने मला बांधलं, हेल्मेट हातात घेतलं आणि उमरबाबांसमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. त्याने उजवा हात पुढे केला.

उमरबाबांनी तो धरला नाही. त्यांनी डावा हात पुढे केला.

दादासोला वाटलं, चुकून झालं. तो थांबला. म्हाताऱ्याने डावाच हात आणखी पुढे आणला.

"काय रं गड्या!" लालासाहेब हेल्मेटच्या आतून हसले. "डाव्या हातानं बोळवण? लय दिस खाल्लंस वाटतं म्हाताऱ्याचं!"

ते सहज बोलले, पण दादासोच्या काळजात ते रुतलं. ज्या माणसाने दुधाचा एक घोटही डाव्या हाताने दिला नाही, तो निरोपाला डावा देतो म्हणजे जाणूनबुजून देतो. आपण ओझं झालो होतो, तर तोंडाने सांगायचं. त्याने आपला हात मागे घेतला, हातमोजा चढवला आणि गाडीला किक मारली. मी करिअरवर उलट तोंडाने बांधलेली होते, म्हणून मला दिसलं. उमरबाबा तसाच हात पुढे धरून उभे होते. धूळ उठेपर्यंत ते दिसत राहिले.

तराफ्यावर दादासो सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. इब्राहिमाने विचारलं तेव्हा तो फटकन म्हणाला, "तुमच्याकडं पाहुण्याला डाव्या हातानं घालवत्यात व्हय?"

इब्राहिमाचं हसू मावळलं. "आपने हाथ लिया ना, दादा?"

"न्हाई घेतला."

मग त्याने सगळं सांगितलं. तिकडच्या जुन्या लोकांची ती रीत आहे. लांब जाणाऱ्या जिवलगालाच डावा हात द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. डावा हात देणं चुकीचं आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर तो द्यायचा. चूक करून ठेवली की ती दुरुस्त करायला परत भेटावंच लागतं, उजवा हात मिळवावाच लागतो. डावा हात धरला म्हणजे परत येण्याचा शब्द दिला. धरला नाही म्हणजे, तुझ्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

दादासो म्हणाला, "राजवर्धन, गाडी वळवतू मी. जाऊन येतू."

"दादा, विमान चुकंल सगळ्यांचं. पाया पडतू, आता न्हाई."

तराफा पलीकडच्या काठाला लागला. दादासोने इब्राहिमाचे दोन्ही हात धरले. "त्यांना सांग म्हणावं, दादासो येतू. हात मिळवायला येतू. शब्द हाय माझा."

घरी आल्यावर भामाबाईंनी चहा ठेवला आणि मला पुढ्यात घेऊन बसल्या. दादासोने सगळं सांगितलं. ताक-कण्यांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. माळेचं सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. आणि शेवटचं ऐकून त्यांनी माझ्यावरून फिरणारा हात काढून घेतला.

"ज्याच्या घरचं दूध प्यालास, त्याचा हात न्हाई धरलास?"

"मला काय ठावं, आये? आपल्यात डावा हात म्हंजे..."

"आपल्यात. आरं, त्येच्या दारात हुतास तू. इचारायचं तरी. तोंड हुतं न्हवं?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांना मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलंच नाही. त्या उठल्या आणि मला खुंटीला अडकवलं. "तू जाऊन येस्तवर मी हिच्यावर जपाला बसायची न्हाई," एवढंच म्हणाल्या. "त्या माणसाचं मन दुखावून हिच्यावर बसून मी देवाला काय तोंड दावू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गोणपाटाची घडी घालून तिच्यावर बसल्या.

मग टाळेबंदी आली. विमानं बंद, टुरा बंद. टुरा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लोकांना लडाख हवं होतं, स्पिती हवी होती. दादासो पाटणच्या रानात गाड्या घेऊन जाई, आणि घरी आला की माझ्याकडे बघून म्हणे, "पुढल्या वर्साला." मी खुंटीवरच होते. दर रविवारी भामाबाई मला उतरवत, झटकत, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा अडकवत. त्यांनी माझी हेळसांड केली असं मी कधी म्हणणार नाही. पण माणसाच्या उबेवाचून घोंगडी हळूहळू विरते. एका कोपऱ्यात मला कसर लागली. गोणपाटावरून उठताना भामाबाईंचे गुडघे वाजत, आणि तो आवाज मला खुंटीवर ऐकू येई.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला, दुपारच्या वेळी, दादासोची मुलगी सोनिया मोबाइल घेऊन धावत आली.

"पप्पा, आफ्रिकेतनं आलंय! आवाज हाय कुणाचातरी."

इब्राहिमाचा आवाज होता. त्याने निरोप तेव्हाच पोचवला होता, डाव्या हाताचा गैरसमजही सांगितला होता, पण तो आपलं मन राखायला बोलतोय असं धरून उमरबाबांनी नुसती मान हलवली होती. आता त्यांची नजर गेली होती. ते दारात बसून असत. वाटेवर मोटारसायकल वाजली की विचारत, तो काळ्या घोंगडीवाला आहे का? आणि इब्राहिमाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा करत. मग त्याने मोबाइल म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला असावा. एक थरथरता, ओळखीचा आवाज आला. शब्द कुणालाच कळले नाहीत. पाठोपाठ इब्राहिमा म्हणाला, "वो पूछता है, दूध खराब था क्या? मेहमान गुस्सा होकर क्यों गया?"

सोनिया बापाकडे बघत राहिली. भामाबाई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं तो म्हातारा स्वतःचीच चूक शोधत बसला होता.

त्याच आठवड्यात राजवर्धन वस्तीवर आला होता. दादासोने त्याला विचारलं, "तिकडची टूर कवा लावतूस?"

"न्हाई ओ दादा. कोण येतंय तिकडं आता?"

"मग टूर ऱ्हाऊ दे. मी एकटाच जातू."

"एकटा? कशाला?"

"हात मिळवायला."

राजवर्धन हसला. "आवं, व्हिडिओ कॉल करा की! इब्राहिमा दावंल."

"त्येंना दिसत न्हाई, राजवर्धन. आणि फोनमधनं हात धरता येत न्हाई."

राजवर्धनचं हसू थांबलं. तो म्हणाला, "कागदपत्रांचं मी बघतू." आणि त्याने खरोखरच बघितलं. शहरात जाऊन दादासोने तिकडे जायला लागणारी पीतज्वराची लस टोचून घेतली. हिवतापाच्या गोळ्या घेतल्या. सोनियाने वडिलांना तिकडच्या भाषेतले दोन-चार शब्द इब्राहिमाकडून विचारून पाठ करवले. 'जारामा' म्हणजे नमस्कार आणि आभार. तो शब्द दादासो गोठ्यात, रस्त्यात, चहा पिताना म्हणत असे. भामाबाईंनी मला लागलेली कसर काढली आणि त्या कोपऱ्याला काळ्या लोकरीचे टाके घातले. त्यांना सुई ओवायला जमेना, म्हणून सोनियाने ओवून दिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी घोंगडी असेल, माळ्यावर किंवा पेटीच्या तळाशी. तिला बाहेर काढा. तिला फार धुऊ नका, उन्हात घाला, झटका, आणि मुख्य म्हणजे पांघरा. आणि आणखी एक सांगते, माझ्यासारख्या म्हातारीचं ऐका. कुणाचं वागणं खटकलं तर मनात धरून निघून जाऊ नका. थांबा आणि विचारा. विचारायला क्षणभर लागतो. न विचारलेलं मात्र वर्षानुवर्षं दोन घरांत सलत राहतं, आणि त्यातल्या एका घरी कुणीतरी दारात बसून आपलीच चूक शोधत असतं. उमरबाबा अजून आहेत. आम्ही पोचेपर्यंत ते असतील की नाही, हे माझ्या हातात नाही आणि दादासोच्याही नाही. चालायला लागणं मात्र त्याच्या हातात आहे.

आज सकाळी तो निघाला. झुंजूमुंजू झालं होतं. सोनिया झोपली होती, तिला त्याने उठवलं नाही. भामाबाई गोणपाटावर बसून माळ ओढत होत्या. जप चालू असताना त्या बोलत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. दादासोने उंबऱ्याबाहेरूनच वाकून नमस्कार केला. त्यांची माळ थांबली नाही, पण बोटं थोडी सावकाश फिरायला लागली.

मोटारसायकल गोठ्याशेजारी होती. ती सुरू केली असती तर सगळी वस्ती जागी झाली असती. त्याने तिला हात लावला नाही. एक पिशवी घेतली, मला खांद्यावर टाकलं आणि ज्वारीच्या ताटांमधल्या पायवाटेने एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. माझ्यावर दव पडत होतं. चालता चालता तो हळू आवाजात म्हणत होता, "जारामा... जारामा..."